क्लेश आणि विश्वास

क्लेशाने विश्वास दृढ होतो, असे आपण उपासनेत सहज म्हणतो. पण क्लेश विश्वास मोडूही शकतो. पंडिता रमाबाईंचेच पाहा. तरुणपणी आईबाप व बहीण दुष्काळात उपासमारीने गेली, तेव्हा त्यांची पूर्वीची श्रद्धा खचली. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला; म्हणून दुःख टळले असे नाही. परंतु १८९६ च्या दुष्काळात, भूक काय असते हे ठाऊक असलेल्या या बाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींना घेऊन आल्या. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागले, यालाच मी विश्वासाची परिपक्वता समजतो. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा वारली. रमाबाई थकलेल्या, कानांनी बधिर; तरी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते पुरे करून पुढील एप्रिलात त्या प्रभूघरी गेल्या.