मुलूखमैदान ओढायची, पण बैल नाहीत!

सँडबॉक्स गेम खेळणाऱ्यांची एक जमात असते. तिला किल्ला बांधून समाधान मिळत नाही. गेममधलं जग मध्ययुगीन, हातात लाकूड, दगड आणि थोडं लोखंड, आणि या मंडळींच्या डोक्यात मात्र वाफेचं रेल्वे इंजिन! तेही साधंसुधं नाही, अख्खा डोंगर ओढून नेईल असं. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाऊसचा ‘मेडिव्हल इंजिनिअर्स’ २०१५ मध्ये आला, तेव्हा त्याची गंमतच ही होती, की आधार नसलेला मनोरा त्यात खरोखर कोसळतो. माइनक्राफ्टवाले मॉड टाकून बॉयलर पेटवतात, रूळ टाकतात. घरचे म्हणतात, ‘रात्रभर काय ठोकळे रचत बसतोस?’

आज या ठोकळ्यांच्या बाजूनं थोडं बोलू. कारण ‘मध्ययुगात अवजड माल ओढणारं इंजिन बनवता येईल का?’ हा प्रश्न आपल्या नगरला अगदी घरचा आहे. पाचशे वर्षांपूर्वीचं एक सॉलिड अवजड ओझं याच शहरात तयार झालं होतं.

नगरची तोफ, चारशे बैल

एखादा पुढारी जोरदार भाषण करतो तेव्हा आपण त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरी तोफ आज विजापुरात, म्हणजे आताच्या विजयपूरमध्ये, बुरुजावर आहे. पण ती ओतली गेली अहमदनगरला, १५४९ मध्ये, बुरहान निजामशहाच्या काळात. ओतणारा होता महंमद रूमी नावाचा तुर्की कारागीर. लांबी साधारण चौदा फूट, तोंडाचं भोक सुमारे सत्तर सेंटिमीटर, आणि वजन मानलं जातं ५५ टन. डबल ट्रॉली भरून ऊस नेणारे दोन ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या उसाचं वजन एका नळीत!

ही तोफ नगरहून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला. तिला ओढायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. ऐकायला दंतकथा वाटते. पण हिशेब करून बघा.

तोफ ५५ टन, खालचा गाडा १५ टन धरू. एकूण ७० टन. कच्च्या रस्त्यावर गाडा ढकलायला त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश जोर लागतो असं धरलं, तर झाले सात हजार किलो. चांगला बैल सतत चाळीस किलोचा ओढा देतो असं मानलं, तर सपाट रस्त्यावरच १७५ बैल हवेत. त्यात चढ, चिखल, ओढ्याचं पात्र, आणि इतके बैल एका वेळी कधीच सारखा जोर लावत नाहीत. आता चारशेचा आकडा दंतकथा वाटतो का?

आधी रूळ, मग वाफ

गेममध्ये बहुतेक जण पहिल्यांदा बॉयलर बांधायला घेतात. मोठा, अजून मोठा. खरी कमाई मात्र खाली जमिनीवर असते.

तीच ७० टनांची तोफगाडी लोखंडी रुळांवर ठेवा. रुळावर लोखंडी चाक फिरताना एका टनामागे साधारण पाच किलो जोर पुरतो. म्हणजे ७० टनांना ३५० किलो. बैल किती? नऊ! पाच जोड्या आणल्या तरी एक बैल आराम करेल. गाडी जागची हलवताना जास्त जोर लागेल हे मान्य, पण १७५ वरून नऊवर येणं ही जादू वाफेची नाही, रुळाची आहे. म्हणूनच युरोपात वाफेच्या कितीतरी आधी, खाणींमध्ये घोडे रुळांवरून गाड्या ओढत होते.

मग इंजिन कशाला? चढासाठी. मुंबईहून पुण्याकडे येताना बोरघाटात, १८६३ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर, ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ आहे. तिथे ७० टनांचा सदतिसावा भाग, म्हणजे जवळपास १९०० किलो, नुसतं गुरुत्वाकर्षण मागे ओढतं. त्यात रुळाचे ३५० मिळवा. झाले जवळपास सव्वादोन हजार. पुन्हा छप्पन्न बैल! रूळ सपाटीवर वाचवतो, घाटात नाही. इथे वाफ हवी.

चाक घसरलं की संपलं

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर चढावर अडकलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. इंजिन बोंबलतंय, धूर निघतोय, मागची चाकं जागेवर गरगर फिरतायत आणि ट्रॉली तसूभर हलत नाही. ताकद कमी पडली नाही, पकड कमी पडली.

रेल्वे इंजिनाचंही तेच. कोरड्या रुळावर लोखंडी चाक त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश इतकाच ओढा देऊ शकतं. त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक घसरतं. मग बॉयलर कितीही मोठा असो.

आपल्या तोफेसाठी किती जड इंजिन लागेल? एक पंचमांश धरून बोरघाटाच्या चढाचा हिशेब केला, तर उत्तर येतं साधारण १४ टन. अट एकच, ते सगळं वजन जोर लावणाऱ्या चाकांवर हवं. म्हणून अवजड माल ओढणाऱ्या इंजिनांची चाकं लहान, संख्येनं जास्त आणि लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. मोठ्या चाकांचं देखणं इंजिन पळायला बरं, ओढायला नाही. आणि पावसात रूळ ओला झाला की पकड निम्म्यावर येते. तेव्हा इंजिनातून चाकांपुढे वाळू सोडतात. गेममध्ये वाळूचा डबा कोणी बनवत नाही. खऱ्या ड्रायव्हरचं घाटात त्याच्याशिवाय पान हलायचं नाही.

भोक गोल हवं

आता मूळ प्रश्न. १५४९ च्या नगरमध्ये हे १४ टनांचं इंजिन बनलं असतं का?

वाफेचा दाब कमी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो ठेवला आणि चाकं ९० सेंटिमीटरची घेतली, तर साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची दोन सिलिंडर पुरतात. मुलूखमैदानचं भोक ७० सेंटिमीटरचं! म्हणजे ज्या ओताऱ्यानं ती तोफ ओतली, त्याच्यासाठी एवढी नळी ओतणं डाव्या हाताचा खेळ.

पण तोफेला एक सूट असते. गोळा आणि नळी यांच्यात थोडी फट राहिली तरी स्फोट गोळा फेकतोच. वाफ मात्र सूट देत नाही. ४० सेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याभोवती फक्त एक मिलिमीटर फट ठेवा. ती सगळी फट एकत्र केली तर बारा चौरस सेंटिमीटरचं भोक होतं. चार सेंटिमीटर व्यासाच्या नळातून वाफ फुकट चालली, असं समजा. दोरा, चामडं, चरबी कोंबून थोडं भागतं, पण दाब वाढवला की सगळं बाहेर.

हा प्रश्न सुटला इंग्लंडमध्ये, आणि गंमत म्हणजे तोफांमुळेच. जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये तोफेची नळी आतून अचूक कोरायचं यंत्र काढलं. पुढच्याच वर्षी त्यानं जेम्स वॉटच्या इंजिनासाठी सिलिंडर कोरून दिलं. म्हणजे नगरच्या ओताऱ्याकडे धातू होता, भट्टी होती, हिंमत होती. नव्हतं ते अचूक गोल भोक पाडणारं यंत्र आणि बॉयलरसाठी लोखंडाचे मोठे, एकसारखे पत्रे. गेममध्ये सिलिंडरचा ठोकळा एका क्लिकवर बसतो. इतिहासात त्या एका क्लिकला सव्वादोनशे वर्षं लागली.

रस्ता सोसेल तेवढंच

समजा, सिलिंडर झालं. तरी एक कोडं उरतंच. रिचर्ड ट्रेविथिकनं १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनिडॅरन इथे दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं वाफेच्या इंजिनानं ओढून दाखवली. इंजिन चाललं, पण त्याच्या वजनानं खालचे बिडाचे रूळ तुटत राहिले. शेवटी इंजिन बाजूला पडलं.

या कोड्याचं सुंदर उत्तर सापडलं आपल्या शेजारी, परांड्यापासून जवळच. बार्शीचा कापूस तेव्हा बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, यायचा. तिथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे बांधली, १८९७ मध्ये. त्याचा नियम एकच: कोणत्याही आसावर, म्हणजे ॲक्सलवर, पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही. मग इंजिन असो की मालडबा. लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याला जी इंजिनं दिली, त्यांना सहा आस होते. त्यातले चार एकमेकांना जोडलेले, ओढणारे. वजन वाटलं गेलं, त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरी माल भरपूर गेला.

हीच युक्ती नगरकरांना दुसरीकडे बघायला मिळते. आपल्या रणगाडा संग्रहालयात चाळीस टनांच्या आसपासचा विजयंता उभा आहे. त्याचे रुंद पट्टे बघा. ओझं पसरवलं की काळी माती सुद्धा ते सोसते.

आता आपली तोफगाडी कॅलथ्रॉपच्या नियमात बसवा. ७० टन, दर आसाला पाच टन, म्हणजे चौदा आस. इंजिन १४ टन, म्हणजे तीन आस, सहा चाकं, सगळी जोडलेली. झालं डिझाइन! परांड्याहून निघालेल्या त्या चारशे बैलांना सुट्टी.

आता तुमची पाळी

मेकॅनिकलला असाल, पॉलिटेक्निकला असाल किंवा बीए इतिहासाला, या सुट्टीत हे आव्हान घ्या. गेम कुठलाही चालेल. नियम चार. आधी रूळ टाका आणि चढ मोजा. मग ओझ्याचं वजन ठरवून लागणारा ओढा काढा. त्यावरून इंजिनाचं वजन आणि आसांची संख्या ठरवा. बॉयलर सगळ्यात शेवटी. गेम फिजिक्स माफ करत असेल, तर तुम्ही करू नका. हिशेब वहीत मांडा.

आणि घरचे विचारतील, ‘काय ठोकळे रचतोस?’ तर त्यांना विळद घाटापर्यंत घेऊन जा. नगरचं पठार आणि राहुरीकडचा सखल भाग यांच्यात शंभर मीटरहून जास्त उंचीचा फरक आहे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये झाला, तेव्हापासून गाड्या तो फरक रोज चढून येतात. मालगाडी वर येताना दिसली की डबे मोजा, आणि एका डब्याला किती आस आहेत तेही. वही सोबत असू द्या.