गाडी कोणत्या पट्टीत रडते?

फोर-बाय-फोर गाडीच्या पोटात फिरणारा पसारा मोठा. पुढे एक डिफरन्शियल, मागे एक, मध्ये दोन्हींना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस, पुढे-मागे प्रॉपेलर शाफ्ट आणि चारही चाकांना फिरवणारे ॲक्सल. त्यामुळे 'गाडी वाजते हो' एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. मुरलेला मिस्त्री आवाज कसला हे नंतर विचारतो, आधी विचारतो, 'कधी येतो?' किती स्पीडला? रेस दिल्यावर की सोडल्यावर? सरळ जाताना की वळताना? एवढ्या उत्तरांवर अर्धी गाडी निर्दोष सुटते.

ऐंशीला काळी तीन

थोडं गणित करू, मजेचं आहे. थारला येतो तसा २५५/६५ आर १८ मापाचा टायर घ्या. एका फेऱ्यात तो अडीच मीटरला जरा कमी अंतर कापतो. ताशी ८० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला ९ फेरे होतात. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर सेकंदाला ९ धक्के. माणसाचा कान साधारण २० कंपनांच्या खालचं ऐकत नाही, म्हणून हा दोष ऐकू येत नाही, हाताला लागतो.

आता डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला ४१ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १० दात धरा. प्रॉपेलर शाफ्ट सेकंदाला जवळपास ३७ वेळा फिरतो. त्याचा तोल गेला की सीटखाली घुमल्यासारखं होतं आणि आरशातलं चित्र थरथरतं. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो, म्हणजे ७४. आणि क्राउन-पिनियनचे दात सेकंदाला ३६८ वेळा एकमेकांना भिडतात. पेटी काढा आणि मधल्या सप्तकातली काळी तीन दाबा, तिची कंपनं ३७०. घासलेला डिफ ऐंशीला याच पट्टीत रडतो. वेग वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप असेल तर बायकोला किंवा भावाला शेजारी बसवून हा आकडा मोजताही येतो. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघू नये, हे सांगायला नकोच.

आणि ४१ च का, सरळ ४० का नाहीत? ४० ला १० ने पूर्ण भाग जातो. मग पिनियनचा एक दात जन्मभर क्राउनच्या त्याच चार दातांना भेटत राहील, आणि एकाचा टवका दुसऱ्याला खात बसेल. ४१ मुळे प्रत्येक दात आळीपाळीने सगळ्यांना भेटतो, झीज वाटली जाते.

सूर्य बघणाऱ्याचा सांधा

तो हिसका देणारा क्रॉस आला कुठून? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ मध्ये सूर्य पाहायच्या यंत्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा सांधा आहे. वाकड्या कोनात तो फिरवला की एक टोक एकसारखं फिरतं, दुसरं मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा रेंगाळतं. हूकला यात सोयच दिसली, कारण आडव्या सूर्यघड्याळावर सावलीही दिवसभर अशीच कमी-जास्त वेगाने सरकते.

गाडीत मात्र हा ताप. १० अंशांच्या कोनात वेगातला फरक दीड टक्का असतो, २० अंशांत तो ६ टक्क्यांवर जातो. उपाय म्हणून शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस देतात. दोन्हींचे कोन सारखे आणि काटे एका रेषेत असले की एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. म्हणूनच लिफ्ट किट टाकून गाडी दोन इंच उंच केली की मित्रांत भाव वधारतो आणि साठच्या पुढे सीटला गुदगुल्या सुरू होतात. शाफ्ट उघडून उलटसुलट बसवला तरी तेच. उघडण्याआधी खडूची एक रेघ ओढणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

हळू चालताना खालून चिमणीसारखं 'चीं चीं' येत असेल तर क्रॉसमधलं ग्रीस संपलंय. डी मधून आर मध्ये टाकताना 'टंग' वाजलं तर क्रॉस ढिला झालाय, किंवा शाफ्टचा सरकणारा जोड कोरडा पडलाय.

जिप्सीची गोष्ट आणखी निराळी. तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी लटकते. त्यामुळे दोनाऐवजी तीन शाफ्ट! रबरी माउंट म्हातारे झाले की क्लच सोडताना सगळं पोट डुगडुगतं, आणि मालक उगाच क्लच प्लेट बदलून बसतो.

टायर की बेअरिंग?

घरघर एकसारखी, वेगाबरोबर वाढणारी. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग जरा डावीकडे घ्या. भार उजव्या बाजूला जातो. घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. उजवीकडे घेतल्यावर वाढली तर डाव्यावर. पण रस्ता बदलताच आवाज बदलला तर बेअरिंगला हात लावू नका, तो टायर आहे. जाड नक्षीचे मड टायर पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर घुमतात आणि डांबर आलं की शहाण्यासारखे गप्प बसतात.

पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना पुढून 'कट कट कट' आलं तर पुढच्या ॲक्सलचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट. आधी त्याचा रबरी बूट फाटलाय का बघा.

काही आवाज तर दोषच नसतात. कोरड्या डांबरावर फोर-एच, म्हणजे चारही चाकांचा गिअर टाकून पार्किंगमध्ये गाडी वळवली की ती अडखळते, टायर चिरकतात, खालून कण्हल्याचा आवाज येतो आणि लिव्हर टू-एचला येतच नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, ट्रान्स्फर केस मात्र दोघांना एकाच वेगाला बांधून ठेवते, मग शाफ्टांना पीळ पडतो. चार-पाच फूट सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हरही सुटतो. बिल शून्य. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवाली गाडी हळू वळताना मागून गुरगुरली तर आधी तेल तपासा. त्याला खास मिश्रणाचं तेल लागतं, साधं भरलं की आतल्या चकत्या अडकत-सुटत कुरकुरतात.

पावसाळी भुतं

सह्याद्रीतल्या चिखलातून रविवारी आलेली गाडी सोमवारी हायवेवर हात थरथरवते. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली मूठभर लाल माती एवढंच कारण. पाण्याचा जोरदार फवारा आतून मारला की काम झालं.

याहून चोरटं भूत म्हणजे अंडरबॉडी कोटिंग. कोकणात जाण्यायेण्याचं, गंजाची भीती, म्हणून मेअखेरीस गाडी कोटिंगला जाते. पोरगा उत्साहात चॅसीबरोबर प्रॉपेलर शाफ्टवरही तो काळा डांबरी थर फवारतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. सेकंदाला ३७ फेरे घेणाऱ्या शाफ्टला एवढा कमी-जास्तपणा पुरतो. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे टायर, सगळं होतं आणि थरथर तशीच. थर खरवडून काढा आणि पुढच्या मे महिन्यात पोराला आधीच बजावा: शाफ्ट सोड, बाकी हवं तेवढं काळं कर.