तेलरंग वाळतो म्हणजे काय?

जलरंगातलं पाणी उडून जातं. तेलरंगातलं जवसाचं तेल मात्र उडत नाही. हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. म्हणून ओले कॅनव्हास आठवडेच्या आठवडे भिंतींना टेकून राहतात आणि घरचे त्यांना वळसा घालून चालायला शिकतात. अंबर रंग लवकर वाळतो, कॅडमियमचे रंग रेंगाळतात. वार्निश सहसा ६ ते १२ महिन्यांनी.

खरी धास्ती कोपऱ्यातल्या चिंध्यांची. तेलात भिजलेला बोळा वाळताना तापतो. ढिगात ती उष्णता कोंडली की काडी न लावताही पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्या पसराव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावावं. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बरणीत ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पुन्हा ब्रश धुवायला चालतं.