जनरेटरचा दाब का बिघडतो?

मंडळी, ३ जून २०२० चा दिवस आपण विसरलो नाही. त्या दिवशी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले. पुढच्याच साली, २२ जुलै २०२१ ला, सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते आणि जनरेटरची आठवण होते.

पण जनरेटर आणला म्हणजे काम झालं, असं नाही. समजा, डोंगराकडच्या एका वाडीने वर्गणी काढून जनरेटर आणला. विहिरीवरचा पंप आणि घरांतले दिवे त्याला जोडले. पंप नुसता घूं घूं करतो, फिरत नाही. दिवे मिणमिणतात. कोणी म्हणतो, "तात्या, जरा रेस वाढवा!" तात्या रेस वाढवतात. तेवढ्यात कोणी पंप बंद करतो. दिवे एकदम भगभगतात आणि उडतात. मोबाइलचे चार्जर जळतात. आता पाणीही नाही आणि उजेडही नाही. चुकलं कुठे?

आधी दाब म्हणजे काय ते पाहू. पाण्याची टाकी उंचावर असली की नळाला जोर येतो. टाकी खाली असली की पाणी रडत येतं. विजेलाही असाच जोर असतो. त्याला दाब किंवा व्होल्टेज म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. दहा टक्के कमीजास्त चालतं. म्हणजे २०७ ते २५३ पर्यंत ठीक. त्याखाली मोटार तापते. त्यावर दिवे आणि यंत्रं जळतात.

दाब मोजायला मल्टीमीटर मिळतो. माप जाणत्या माणसाकडून घ्यावं. हात आणि पाय कोरडे हवेत. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. तीन मापं घ्यावीत.

पहिलं माप : सगळा भार काढा आणि जनरेटरपाशी मोजा. इथेच दाब चुकला, तर दोष जनरेटरमध्ये आहे. इंजिनचा वेग चुकला असेल, नाहीतर दाब सांभाळणारा भाग बिघडला असेल. छोटे पेट्रोलचे जनरेटर बहुधा मिनिटाला ३,००० फेरे घेतात. मोठे डिझेलचे बहुधा १,५०० घेतात. वेग ठरलेला असतो. तो मनाने वाढवू नये. मेकॅनिकने मोजूनच लावावा.

दुसरं माप : भार घाला आणि पुन्हा तिथेच मोजा. आता दाब पडला, तर भार जास्त आहे किंवा इंजिन थकलं आहे. हवेचा फिल्टर मळका आहे का, पेट्रोलमध्ये पाणी गेलं आहे का, ते पाहा.

तिसरं माप : पंप चालू ठेवून पंपापाशी मोजा. जनरेटरपाशी दाब बरोबर आणि पंपापाशी कमी, तर दोष वायरीचा. वायर बारीक असेल, फार लांब असेल, नाहीतर जोड ढिला असेल. जाड वायर घ्या. जोड पक्के करा.

आता वाडीचा पंप का घुमला? १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पण मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. बैलगाडी पहिल्यांदा हलवताना जास्त जोर लागतो, तसंच हे. म्हणून सगळे दिवे बंद ठेवून आधी पंप लावा. पंपाने वेग घेतला की मग दिवे लावा. तरीही पंप उठला नाही, तर लगेच बंद करा. जनरेटर त्याला लहान पडतो आहे. तात्यांनी वेग वाढवला, पण पंपाचं ओझं उतरलं आणि दाब चढला. ती रेस दिव्यांना बाधली.

कधी इंजिन चालतं, पण वीजच येत नाही. आधी एमसीबी पडली आहे का पाहा. जनरेटर बरेच दिवस पडून असला, तर आतलं उरलेलं चुंबकत्व जातं. काहींचे कार्बन ब्रश झिजतात. हे काम मेकॅनिकचं आहे. पुरात बुडालेला जनरेटर तर तपासल्याशिवाय सुरूच करू नये.

शेवटी तीन गोष्टी मनात पक्क्या करा.

एक : जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ लावू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही. झोपेतच माणूस जातो.

दोन : पावसात उघड्यावरही लावू नका. घरापासून दूर, वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या, अशी उंच जागा निवडा.

तीन : जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. रोहित्रातून जाताना तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकतो. तिकडे खांबावर वायरमन काम करत असतो. लाइन बंद आहे, असं समजून तो तारेला हात लावतो. म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. स्विच नसेल, तर पंप आणि दिवे थेट जनरेटरलाच जोडा.

जो आपली वीज आणायला भर पावसात खांबावर चढला, त्याचा जीव आपल्या हातून जाऊ नये.