खाटेवरून दिसणारं रुग्णालय
लेखमाला : रुग्णालय समजून घेताना – लेखांक ८

मागच्या आठवड्यात आपण रुग्णालयातला जंतुसंसर्ग पाहिला. हात धुण्याची शिस्त, उपकरणांचं निर्जंतुकीकरण, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या या सगळ्याच्या नोंदी ठेवता येतात, तपासणीला आलेल्या पथकाला दाखवता येतात. आजचा विषय नोंदवहीत सहज बसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो ‘जमलं तर बघू’ या खात्यावर जातो. रुग्णाला उभारी देणारा परिसर कसा असतो आणि आजारपणात मनाच्या तळातून वर येणाऱ्या प्रश्नांकडे रुग्णालयानं कसं बघावं, हे दोन मुद्दे आज एकत्र घेऊ. दोन्हींचा विचार सुरू व्हायला हवा तो रुग्णाच्या खाटेवरून, आणि नेमकं तेच राहून जातं.

नवं रुग्णालय बांधताना पैसा कुठं जातो ते आठवून बघा. चकचकीत लॉबी, कारंजं, दर्शनी भागात गणपती. हे सगळं चालत येणाऱ्या माणसासाठी. दाखल झालेला माणूस आडवा असतो. त्याला दिसतं ते छत, डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट, सलाइनची बाटली आणि शेजारच्या खाटेवरचं दुखणं.

छत, दिवा आणि वॉशबेसिन

हा विचार फार पूर्वी नेमकेपणानं केला तो आल्वार आल्टो या फिनलंडच्या वास्तुविशारदानं. पाइमिओ इथलं त्याचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम १९३३ मध्ये पूर्ण झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि ऊन हाच उपचार. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेची सॅनेटोरियमही याच विचारातून उभी राहिली. महिनोन् महिने झोपून राहणाऱ्या माणसाला छत हीच भिंत, हे ओळखून आल्टोनं छताला डोळ्यांना निववणारा, भिंतींपेक्षा गडद रंग दिला. दिवा झोपलेल्याच्या थेट नजरेत येणार नाही अशा जागी लावला. एका खोलीत दोन रुग्ण असत. एकानं रात्री तोंड धुतलं तर दुसऱ्याची झोप मोडू नये, म्हणून वॉशबेसिनचा उतार असा ठेवला की धार पडल्याचा आवाज कमीत कमी व्हावा. यातली एकही गोष्ट दिखाऊ नाही. उभ्यानं फेरी मारणाऱ्या पाहुण्याच्या ती लक्षातही येणार नाही.

आवाजाबद्दल तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. आपल्या कायद्यानं रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. हे झालं कुंपणाबाहेरचं. आत मात्र करकरणारी ट्रॉली, स्टीलचे आदळणारे ट्रे, कुणी न बघितलेला मॉनिटरचा अलार्म आणि नातेवाइकांचे मोबाइल यांना धरबंध नसतो. रुग्णालयाच्या प्रमुखांनी एका रात्री रिकाम्या खाटेवर तासभर पडून बघावं. कोणत्या चाकाला तेल हवं, हे कोणत्याही सल्लागाराविना कळेल.

खिडकीतलं झाड

परिसरानं ‘बरं वाटतं’ हे ठीक, पण प्रकृतीत फरक पडतो का? या प्रश्नाला आकड्यांत हात घातला तो रॉजर उलरिक यांनी. त्यांचा छोटा निबंध १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ जणांचे कागद त्यांनी तपासले. वय, लिंग वगैरे बाबतींत जुळणाऱ्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडवाले शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि त्यांच्याविषयी परिचारिकांनी लिहिलेले कुरकुरीचे शेरेही कमी होते. अवघ्या ४६ जणांवरून झाडाला औषध म्हणणं चुकीचं ठरेल. पण या निबंधानंतर खिडकी ही चैनीची बाब राहिली नाही, रुग्णालयांच्या आराखड्यात तिच्यावर गंभीरपणे चर्चा होऊ लागली.

याहून मोठा पुरावा वृद्धांच्या भ्रमाबाबत आहे. दिवसभर शहाण्यासारखे बोलणारे आजोबा रात्री सलाइन उपसू लागतात, मुलाला ओळखत नाहीत, ‘मला घरी न्या’ म्हणून आरडाओरडा करतात. हे अनेक घरांनी अनुभवलेलं असतं. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलेल्या गटात १५ टक्के लोकांना असा भ्रम झाला, तर विशेष काळजी घेतलेल्या गटात ९.९ टक्क्यांना. विशेष म्हणजे काय, तर दिवस-वार-जागेची आठवण करून देणं, वेळेवर पाणी पाजणं, लवकर चालतं करणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय आणि शांतता, आणि चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणं. आपल्याकडे ‘हरवेल’ म्हणून चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन पहिल्याच दिवशी घरी पाठवतात. मग न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला अनोळखी खोलीत रात्री भुतं दिसली, तर नवल ते काय?

चार पदरी दुखणं

आता दुसरा मुद्दा. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांजवळ बसून त्यांनी मांडलं की वेदना चार पदरी असते : शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस त्यानंतर मुंबईत वांद्र्याला, १९८६ मध्ये शांती आवेदना या नावानं उभं राहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची विनामूल्य काळजी घेतं.

आध्यात्मिक वेदना कानावर पडते ती साध्या वाक्यांतून. ‘माझ्याच वाट्याला का?’ ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ ‘मुलीचं लग्न राहिलं.’ अशा वेळी ‘मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय!’ असं म्हणणारा भला माणूस आजाऱ्याच्या डोक्यावर अपराधाचं आणखी एक ओझं ठेवून जातो. ‘सगळं ठीक होईल हो’ म्हणणारा बोलणंच थांबवतो. त्यातच घरच्यांनी डॉक्टरांना बजावलेलं असतं, ‘त्यांना काही सांगू नका.’ रुग्णाला बहुधा कळलेलं असतंच. मग दोन्ही बाजू एकमेकांसमोर नाटक करत राहतात आणि जे बोलायचं ते राहून जातं.

क्रिस्टीना पुचाल्स्की या डॉक्टरांनी १९९६ मध्ये चार प्रश्नांची एक पद्धत बसवली. आपल्या बोलीत ती अशी होईल : काका, अशा वेळी तुम्हाला आधार कशाचा वाटतो? या दुखण्यात त्याचा किती उपयोग होतो? तुमच्या मंडळींपैकी कुणी यावंसं वाटतं का? त्यात आम्ही काय करू? उत्तर विठ्ठल असेल, नमाज असेल, नातवंड असेल, देव न मानणाऱ्याची चळवळ किंवा शेतही असेल. ते केसपेपरवर मधुमेहाच्या नोंदीशेजारी लिहायचं.

माळ आणि थेंबभर पाणी

उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेला नेताना अंगावरचं सगळं उतरवतात आणि त्याला कारण आहे. पण माळकऱ्याला गळ्यातली तुळशीची माळ उतरवणं म्हणजे नेम मोडणं. थिएटरच्या दारात घाईनं ‘काढा ते’ म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकता येते. किंवा आदल्या संध्याकाळी सिस्टर सांगू शकतात, ‘आजोबा, उद्या माळ काढावी लागेल. तुमच्या हातानं काढा, कुणाकडे द्यायची ते सांगा. वॉर्डात आलात की आधी ती घालू.’ नियम तोच, वेळ दोन मिनिटं जास्त. अखेरच्या क्षणी मुखात गंगाजल घालायचं असतं. गिळता येत नसेल तर घोटभर पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, पण ओठ ओले करायला थेंब पुरतो. हे आधी बोलून ठेवलं, तर अतिदक्षता विभागाच्या दारात भांडण होत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. जनरल वॉर्डात पहाटे स्पीकरवर भक्तिगीतं लावणं ही सेवा नव्हे. कुणाला झोप हवी असते, कुणाची श्रद्धा वेगळी असते. कोणतीही मूर्ती नसलेली एक शांत खोली सगळ्यांच्या उपयोगी पडते. शिवाय श्रद्धेला उपचार म्हणून विकू नये. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये आला. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचं ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नाही. आधार ही वेगळी गोष्ट, आणि तो रुग्णाच्या स्वतःच्या श्रद्धेतून, त्यानं मागितला तरच द्यायचा असतो.

तालुक्याच्या रुग्णालयालाही हे परवडतं, पण ‘सगळ्यांनीच करायचं’ म्हटलं की ते कुणीच करत नाही. चष्म्याची, चार प्रश्नांची, रात्रीच्या आवाजाची जबाबदारी प्रत्येक पाळीत एका माणसाच्या नावावर लिहिलेली हवी. तो डॉक्टरच असायला हवा असं नाही. कित्येकदा रुग्णाचं खरं बोलणं वॉर्डातल्या मावशींनाच माहीत असतं. त्यांना विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

पुढच्या लेखात : रुग्णासोबत राहणारा नातेवाईक. तो कुठं झोपतो, काय खातो आणि रुग्णालय त्याला कोण समजतं?