नरक्या, नंदुरबार आणि नॅनो

नरक्याचं लाकूड पकडल्याची बातमी सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या पानांवर अधूनमधून येतेच. बातमीत 'औषधी वनस्पती' एवढे दोन शब्द असतात, फार तर 'कर्करोगावर गुणकारी'. जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या एका वाचकाने अशीच बातमी वाचून दोन प्रश्न विचारले आहेत. हे झाड आमच्याही जंगलात आहे, मग त्याची साल उकळून प्यायली तर काय बिघडलं? आणि हल्ली ज्याचा गवगवा चालतो ते 'नॅनो औषध' याहून निराळं काय करतं?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या पोटात पहिल्याचं उत्तर आहे. शिवाय त्या निमित्ताने नंदुरबारला आणि गोरेगावला जाऊन येता येईल.

नरक्या हे सह्याद्रीतलं लहानखुरं झाड. फुलांना घाणेरडा वास. कर्करोगावर चालणारं कॅम्प्टोथेसिन त्यात असतं, पण ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात. १९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं केलं. हे वाणी मूळचे नंदुरबारचे. जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिका. याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना उलगडली. आजच्या केमोथेरपीतली दोन मोठी औषधकुळं एका नंदुरबारकराच्या हातून गेली आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले तेव्हा आपण सगळे कोरोनाच्या आकड्यांत बुडालो होतो. आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव आहे, हे मुलांची पुस्तकं चाळून पाहा.

चिनी झाडात हे द्रव्य अगदी थोडं निघायचं. १९७२ मध्ये गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी जाहीर केलं की आपल्या घाटातल्या या दुर्गंधी झाडात ते कितीतरी जास्त आहे. गोविंदाचारी हे भारतीय वनस्पतिरसायनशास्त्रातलं फार मोठं नाव. औषधाच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला जेमतेम तळटीप येते. शोध एकाचा आणि साठा दुसऱ्याचा असला, की साठा दाखवणाऱ्याला कोणी विचारत नाही. नरक्याच्या लाकडाला बाजार मिळाला आणि झाडावर संक्रांत आली, त्याचं मूळ मात्र याच शोधनिबंधात आहे.

आता औषधाचा स्वभाव. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक विकर डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडू देत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी अशा तुटलेल्या धाग्यांनिशी मरतात. ही यंत्रणा १९८५ मध्ये कळली, पण त्याआधीच माणसांवर चाचण्या होऊन गेल्या होत्या आणि त्या फसल्याही होत्या. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा सोडियम क्षार देऊन पाहिला. तो विरघळला, पण त्यासाठी रेणूतलं एक कडं उघडावं लागलं होतं, आणि ते उघडं असताना औषध जवळजवळ निकामी असतं. पुढचा भाग मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतो. रक्त किंचित अल्कधर्मी, तिथे कडं उघडंच राहिलं. लघवी आम्लधर्मी, तिथे ते पुन्हा मिटलं. म्हणजे औषध खरं जागं झालं ते मूत्राशयात. गाठीला फारसं काही झालं नाही आणि रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या बंद पडल्या.

पुढे जपानमध्ये याच रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन तयार झालं. ते करणारी कंपनी याकुल्ट, तीच, आतड्यातल्या जिवाणूंसाठी आंबट दुधाच्या चिमुकल्या बाटल्या विकणारी. इरिनोटेकॅनचा कुप्रसिद्ध त्रास म्हणजे जुलाब, आणि यकृताने निष्प्रभ करून आतड्यात टाकलेलं औषध पुन्हा जागं करणारे असतात ते आतड्यातले जिवाणूच! १९९४ मध्ये जपानने आणि १९९६ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आजही रोजच्या वापरातलं औषध आहे.

नॅनो येतं ते इथे. इरिनोटेकॅन चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, लायपोसोममध्ये कोंडायचं. पिशवीची रुंदी सुमारे ११० नॅनोमीटर. आत औषध घट्ट धरून ठेवणारा साखरेचा एक सल्फेट. रक्तातून जाताना ते चटकन उघडं पडत नाही आणि जास्त वेळ टिकतं. ती पिशवी गाठीपाशीच का थांबेल, याचं उत्तर १९८६ मध्ये कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दिलं होतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, म्हणून झिरपणाऱ्या, आणि आत झिरपलेला माल बाहेर नेणारी लसिकांची व्यवस्था मोडकळलेली. म्हणजे नॅनोकण आपोआप गाठीत साचणार. या एका कल्पनेवर पुढची तीस वर्षं निबंधांचे ढीग रचले गेले आणि वर्तमानपत्रांनी 'फक्त कर्करोगावर नेमका हल्ला' असे मथळे दिले.

२०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटाने मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक होता ०.७ टक्के. उरलेल्यांतले बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. यावर वाद झाले, मोजायच्या पद्धतीवर आक्षेप आले, पण 'नेमका हल्ला' हे शब्द त्यानंतर कुणी जपून वापरले नाहीत तर मी ते वाचणं सोडतो.

त्याहून मोठी अडचण सरासरीच्या पलीकडची आहे. एका रुग्णाच्या गाठीत कण भरपूर शिरतात, दुसऱ्याच्या अजिबात नाही. एकाच रुग्णाची यकृतातली गाठ झिरपती असते आणि फुप्फुसातली बंद. औषध द्यायच्या आधी हे कळलं तर? इमेजिंगचं, म्हणजे शरीराच्या आतल्या चित्रणाचं, खरं काम हे आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना हीच आहे. पावसाळ्यात अनमोड घाटातून भरलेला ट्रक सोडण्याआधी मोटारसायकलवर एक माणूस पुढे पाठवून रस्ता पाहून यावा, तसं.

हा पुढे जाणारा माणूस म्हणजे फेरुमॉक्सिटॉल, लोहाच्या ऑक्साइडचे कण, रुंदी तीसेक नॅनोमीटर. मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या लोहाच्या कमतरतेसाठी अमेरिकेत २००९ पासून मान्य असलेलं साधं इंजेक्शन. लोह असल्यामुळे ते एमआरआयमध्ये दिसतं. बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की लोहकण जिथे जमतात तिथे पुढे औषधाचे कणही जमतात. मग २०१७ मध्ये माणसांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात औषध होतं तेच, लायपोसोममधलं इरिनोटेकॅन. आधी लोहकण टोचून एमआरआय काढला, मग औषध दिलं. ज्या गाठींत लोह जास्त शिरलं होतं, त्या जास्त आक्रसल्या.

हुरळून जाण्याआधी तीन गोष्टी. रुग्ण वीसही नव्हते. मोटारसायकल जाते तिथून ट्रक जातोच असं नाही, तीस आणि एकशे दहा नॅनोमीटरमध्ये फरक आहे. आणि लोहाच्या या इंजेक्शनने क्वचित जीवघेणी ॲलर्जी होते, त्याबद्दल अमेरिकेच्या नियामकाने कडक इशारा दिलेला आहे. तरी कल्पना टिकते, कारण दोन्ही कण गाठीतल्या भक्षक पेशींमध्ये साठतात. या पेशी लोहाचे कण गिळतात, लायपोसोमही गिळतात. शिवाय इरिनोटेकॅनला त्याच्या खऱ्या प्रभावी रूपात आणायच्या कामीही त्या हातभार लावतात.

हे लायपोसोमचं औषध २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर अमेरिकेत मान्य झालं. जोडीची जुनी औषधं एकटी दिली तेव्हा निम्मे रुग्ण ४.२ महिने किंवा त्याहून जास्त जगले. हे औषध त्यात मिळवल्यावर ६.१ महिने. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला दोन महिन्यांची किंमत विचारू नका, पण 'क्रांती' हा शब्द इथे बसत नाही. कोणत्या रुग्णाला वर्ष मिळेल आणि कोणाला नुसते जुलाब, हे आधी ओळखता आलं तर हाच आकडा वेगळा दिसेल. तशी निवड अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. मोठ्या चाचण्या लागतील, आणि जुन्या लोहाच्या इंजेक्शनवर त्या करायला पैसा घालणारं कोणी चटकन पुढे येत नाही.

आता पहिला प्रश्न. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या आर. उमा शंकर यांच्या गटाने घाटातल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन किती आहे ते मोजलं. झाडागणिक प्रमाण बदलतं, कुठे भरपूर तर कुठे नावापुरतं. म्हणजे तुमच्या काढ्यात काहीच नसेल किंवा नको तितकं असेल, आणि ते ओळखायचा घरगुती उपाय नाही. विष मोजून देण्याची कला म्हणजे केमोथेरपी, आणि काढ्यात मोजणं नसतंच. शिवाय तुमच्याकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतलं झाड तोडणं गुन्हा आहे. वन खात्याने खरं तर याची रोपं करून शेताच्या बांधावर लावायला द्यावीत, म्हणजे जंगलातल्या झाडांवरचा भार तरी कमी होईल. आणि शौचाच्या सवयी विनाकारण बदलल्या, रक्त पडलं किंवा वजन उतरू लागलं, तर झाडाकडे न जाता बेळगाव, हुबळी, गोवा, जिथे जमेल तिथल्या डॉक्टरांकडे लवकर जा. मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळेत सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच बरा होतो, नॅनोची गरजही पडत नाही.