जाडी बेटी आणि तिचा खाऊ

निर्जन माळरान आहे. चालून चालून पाय दुखताहेत, पोटात कावळे ओरडताहेत. तेवढ्यात वाटेकडेला एक पांढराशुभ्र दगड दिसतो आणि त्याच्यापाशी बिस्किटं, सफरचंद, चॉकलेट! हा खाऊ कुणाचा? तुमचाच की! खुशाल घ्या. अट एकच, आपल्याकडचं काहीतरी पुढच्या वाटसरूसाठी ठेवायचं.

ही गंमत आहे इंग्लंडमधल्या यॉर्कशरची. तिथल्या नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानावर मध्ययुगातले बरेच दगडी क्रूस अजून उभे आहेत. त्यातल्याच एकाचं नाव ‘व्हाइट क्रॉस’. पण लाडाने सगळे म्हणतात ‘फॅट बेटी’, म्हणजे जाडी बेटी. खाली पांढरा रंग दिलेला बुटका, गलेलठ्ठ ठोकळा आणि त्याच्यावर थेट चिमुकलं गोल डोकं. मधला खांबच नाही, म्हणजे बेटीला मान नाही!

लोक सांगतात, एक शेतकरी आणि त्याची बायको बेटी घोडागाडीतून घरी निघाले होते. धुकं असं दाट, की शेजारचं माणूस दिसेना. घरी पोचल्यावर बघतो तर काय, बेटी गाडीत नाहीच! तो तसाच उलट्या पावली शोधायला धावला. बेटी काही सापडली नाही. सापडला तो हा जाडजूड दगड. दुसऱ्या गोष्टीत बेटी ही रोझडेलच्या मठातली, पांढरे कपडे घालणारी नन आहे आणि तीही धुक्यातच वाट चुकते.

दोन्ही गोष्टींत धुकं आहेच, लक्षात आलं का? ते मात्र अगदी खरं आहे. या माळाच्या पूर्वेला थंडगार उत्तर समुद्र आहे. उबदार, दमट हवा त्याच्यावरून वाहते तेव्हा गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. हे असंख्य थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून पलीकडचं दिसत नाही. माळावर झाडं फारशी नाहीत, नुसती हेदरची गुडघाभर झुडपं. मग खूण कशाची धरायची? हे क्रूसच वाट दाखवायचे, गावांच्या शिवाही सांगायचे. त्यात काळपट माळावर पांढरा दगड तर लांबूनच नजरेत भरतो.

बेटीपासून जवळच ‘यंग राल्फ’ नावाचा उंच क्रूस आहे. तो १८व्या शतकातला. म्हणतात, राल्फ नावाच्या शेतकऱ्याला तिथे एक वाटसरू मरून पडलेला दिसला. बिचाऱ्याच्या खिशात दमडी नव्हती. राल्फने तिथे क्रूस उभारला आणि त्याच्या माथ्यावर खळगा ठेवला. ज्याच्याजवळ पैसे असतील त्याने त्यात नाणं टाकायचं, ज्याला गरज असेल त्याने घ्यायचं. आज हाच क्रूस तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं बोधचिन्ह आहे.

कधी बेटीकडे गेलात, तर पिशवीत खाऊचा एक जास्तीचा पुडा नक्की ठेवा. आणि हो, खाऊन झाल्यावर कागद तिथे टाकू नका हं!